गव्हाच्या लोंब्यांचा गाऊन

विमल साळवे हिचं घर फतेगंजमध्ये, चर्चच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन. आसपासच्या ख्रिस्ती घरांत लग्न ठरलं की मुलीची आई आधी पाळकसाहेबांकडे तारीख घ्यायला जाई आणि तिथून परतताना विमलकडे माप द्यायला. वीस वर्षांत तिच्या हातून दोनशेवर गाऊन शिवून झाले होते.

तिचं स्वतःचं लग्न मात्र मागून आणलेल्या गाऊनमध्ये झालं होतं. चार लग्नांतून फिरून आलेला, काखेत पिवळा पडलेला. पाठीला टाचण्या लावून तो तिच्या अंगावर कसाबसा बसवला होता आणि वेदीसमोर उभं राहून तिने सगळा वेळ श्वास आखडून धरला होता. त्यानंतर मिशनच्या हॉस्टेलमधल्या शिवणवर्गात तिने जीव तोडून काम शिकून घेतलं.

काम चांगलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण लग्नाच्या मांडवात लोक विचारत, "गाऊन कुठून आणला?" आणि नवरीची आई सांगे, "इथेच शिवला." विमल पंगतीत बसून ते ऐकायची. इथेच. म्हणजे कुणी, हे कुणी विचारत नसे. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणे, "हलवायाच्या डब्यावरसुद्धा नाव असतं हो." जयवंत हसायचा. तो मकरपुऱ्यात एका कारखान्यात फिटर होता. सकाळी कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी सहाला परत. मुलगी नर्सिंगला आणंदला होती. घरात कशाची फार ददात नव्हती.

चर्चची झाडलोट गंगाबाई करायच्या. विमलच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा गंगाबाई सलग महिनाभर रोज दुपारी येत होत्या. पाणी तापवून तिला अंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या आणि चहाही न घेता निघून जायच्या. त्यांचे हात धरून विमल तेव्हा म्हणाली होती, "सुवार्ताच्या लग्नाचा गाऊन माझ्याकडून. शब्द दिला."

गंगाबाईंची ही एकुलती एक मुलगी, सुवार्ता. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. २००५ साली तिचं वाघोडियाच्या कारखान्यातल्या एका मुलाशी जमलं. लग्नाची तारीख निघाली सात जानेवारी.

विमलने ऑगस्टपासूनच हात घातला. गिऱ्हाईकाच्या गाऊनमध्ये गिऱ्हाईकाची आवड चालते. कुणाला फुगीर बाह्या हव्यात, कुणाला सिनेमात पाहिलेली पाठ. इथे सांगणारं कुणीच नव्हतं. सुवार्ता म्हणाली होती, "मावशी, तुम्हाला वाटेल तसा." विमलने मनात वर्षानुवर्षं घोळत असलेला गाऊन शिवायला घेतला. मोत्यासारख्या मऊ चमकेचं साटीन, गळा साधा, आणि कमरेपासून खालच्या घेरापर्यंत बारीक मोत्यांनी भरलेल्या गव्हाच्या लोंब्या, वाऱ्याने एका बाजूला कललेल्या. एकेक लोंबी भरायला दीड-दोन तास लागायचे. तिने मापाची ट्रायल मांजरपाटाच्या कपड्यावर घेतली, खरा गाऊन सुवार्ताला दाखवलाच नाही. "लग्नाच्या आठवड्यात बघ," म्हणाली.

डिसेंबरच्या मध्यावर गाऊन पुरा झाला. लाकडी पुतळ्यावर चढवून वर जुनी चादर टाकून तिने तो कोपऱ्यात ठेवला. दिवसातून दोनदा तरी ती चादर उचलून बघायची.

त्याच आठवड्यात अवंतीताई आल्या. जुन्या सरदार घराण्यातल्या सून, अलकापुरीत त्यांचं लग्नाच्या कपड्यांचं मोठं दुकान. बडोद्यात कमुरता लागला की हिंदू घरांतली लग्नं महिनाभर थांबतात. पण नेमकी तेव्हाच नाताळच्या सुट्टीत परदेशातली माणसं येतात आणि ख्रिस्ती लग्नांचाही तोच मोसम. रिकाम्या महिन्यात गाऊन विकता येतील, हे अवंतीताईंनी बरोबर हेरलं होतं. वर्षभरात त्यांनी दोनदा विमलकडून काम करून घेतलं होतं.

"विमलताई, एक मुलगी फार अडचणीत आहे," त्या बसता बसताच म्हणाल्या. "मूळचे नडियादचे लोक, तुमच्यातलेच. पंचवीस वर्षं अमेरिकेत आहेत. चार जानेवारीला लग्न. गाऊन तिकडून आणलेला, पण ती बॅगच आली नाही. रोज फोन करतायत. मुलगी रडून रडून अर्धी झालीय."

"दोन आठवड्यांत? आणि मध्ये नाताळ," विमल म्हणाली. "कसं होणार, ताई?"

अवंतीताईंचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "ते काय झाकलंय?"

विमल उठली आणि तिने चादर काढली. दाखवायची गरज नव्हती. पण आजवर तो गाऊन जयवंतशिवाय कुणी पाहिलाच नव्हता.

 अवंतीताई जवळ गेल्या, वाकून घेर पाहिला, उलटवून आतले टाके पाहिले. मग पर्स खुर्चीवर ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. "हे तुम्ही केलंत? इथे बसून?" त्या म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

"चर्चमधल्या एका मुलीचा. तिची आई झाडलोट करते."

सुवार्ताचा आहे, असं साधं उत्तर होतं. ते सोडून आपण हे असं का सांगितलं, हे विमलला बऱ्याच दिवसांनी उमगलं.

"तिने पाहिलाय?"

"नाही."

"मग ऐका." अवंतीताई खाली बसल्या. "नडियादचं लग्न मोठं आहे. आठशे माणूस, निम्मं परदेशातलं. फेब्रुवारीत मी वरचा मजला उघडतेय, फक्त गाऊनचा. पाटी कुणाच्या नावाची लावायची, हा विचार चाललाच होता. 'विमल साळवे, बडोदा.' प्रत्येक गाऊनच्या आत तुमच्या नावाची पट्टी. हाच पहिला गाऊन. त्या मुलीला तुम्ही दुसरा शिवा, चांगलाच शिवा, कापड मी देते. तिचं काय बिघडणार आहे? आणि ही पोरगी तर खरोखरच नडलीय. तुमच्या धर्मात तर नडलेल्याला मदत करायला सांगितलंय, हो ने?"

ती शेवटची गोष्ट विमलने घट्ट धरून ठेवली. नडलेल्याला मदत. दुसऱ्या दिवशी दुकानाची गाडी आली आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून गाऊन घेऊन गेली.

संध्याकाळी जयवंतने रिकामा पुतळा पाहिला. तिने सगळं सांगितलं, पाटीचं जरा जास्तच सविस्तर. तो बूट काढत ऐकत होता.

"सुवार्ताला विचारलंस?"

"तिला कुठे माहितीय तो कसा होता ते? आणि दुसरा देतेय ना मी. फुकटच देतेय." तिचा आवाज चढला. "माझं एक काही चांगलं होतंय तर तुम्हाला बघवत नाही."

"बघवतंय की," जयवंत म्हणाला. "मी एवढंच विचारलं." आणि तो हातपाय धुवायला गेला.

नाताळ त्या वर्षी रविवारी आला. चर्च खच्चून भरलं होतं. पाळकसाहेब नेहमीचा गोठ्याचा आणि मेंढपाळांचा उपदेश करतील असं सगळ्यांना वाटत होतं. पण ते भलतंच बोलले. देहाच्या ओढीने चालणारं मन आणि आत्म्याच्या ओढीने चालणारं मन, ही दोन मनं एकाच माणसात कशी नांदतात यावर. "पहिलं मन कायम मोठ्याने बोलतं," ते म्हणाले, "म्हणून आपल्याला वाटतं, तेच आपलं."

विमल चर्चच्या स्त्री मंडळाची सेक्रेटरी. असले उपदेश तिने कितीतरी ऐकले होते. देहाच्या इच्छा म्हणजे दारू, जुगार, सोनंनाणं. आपल्या घरात त्यातलं काही नाही, म्हणून ती निर्धास्त असायची. त्या दिवशीही तिचं अर्धं चित्त पाटीच्या अक्षरांत होतं. मराठीत लिहितील, गुजरातीत की इंग्रजीत? इंग्रजीतच लिहितील. पुढच्या बाकावर गंगाबाई बसल्या होत्या. पहाटे त्यांनीच सगळं चर्च पुसून काढलं होतं. मध्येच वळून त्या विमलकडे पाहून हसल्या. विमलने गीतांच्या पुस्तकात मान घातली.

दुसरा गाऊन तिने सहा दिवसांत उरकला. अवंतीताईंनी पाठवलेलं साटीन बरं होतं. गळ्याला आणि बाह्यांना तयार लेस लावली, घेर मध्यम ठेवला. शिवणीत कुठे खोट नव्हती. कुणाही मुलीला शोभला असता.

गुरुवारी दुपारी माय-लेकी ट्रायलला आल्या. सुवार्ता आतल्या खोलीतून गाऊन घालून आली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ ती स्वतःकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय झालं गं? घट्ट होतोय?" विमलने विचारलं.

"नाही, मावशी." ती रडत होती आणि हसतही होती. "मला वाटलं नव्हतं, मी अशी दिसेन."

गंगाबाईंनी पदराला हात दोनदोनदा पुसले आणि मग बोटाच्या टोकाने लेसला हात लावला. "किती बारीक काम, बाई! डोळे गेले असतील तुझे. ऑगस्टपासून बसलीस म्हणं."

 ती लेस मंगळ बाजारातून मीटरवर आणलेली होती.

तिने मनाची तयारी वेगळ्याच गोष्टीची करून ठेवली होती. सुवार्ता जरा हिरमुसेल, 'अजून थोडे मोती असते तर' म्हणेल, मग आपण म्हणू, फुकटातही लोकांना सगळं हवं असतं. ते वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. पण या मुलीला काही कमी वाटलंच नाही. तिचा आनंद इतका पुरा होता, की त्याच्यासमोर विमलला आपण उपाशी असल्यासारखं वाटलं. वीस वर्षं तिने नवऱ्या सजवल्या होत्या आणि असं भरल्यासारखं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

"थांब, काढू नको लगेच," गंगाबाई मुलीला म्हणाल्या. "आधी प्रार्थना करू." त्यांनी तिथेच, मशीनजवळ, डोळे मिटले. "प्रभू, या लेकरासाठी विमलताईंनी जे केलं ते तू बघितलंयस. आम्हाला त्याची फेड करता येणार नाही. तूच कर. आमेन."

विमल आमेन म्हणाली नाही. ती स्टुलावर बसली.

"गंगाबाई, हा तो गाऊन नाही," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. लोंब्या, अवंतीताई, नडियाद, पाटी. पाटीचं सांगताना तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. "मी तिला मदत केली असं म्हणत होते. ते खोटं आहे. मला माझं नाव पाहिजे होतं."

गंगाबाई मटकन बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण दुखावल्यासारखं काहीतरी होतं. शब्द दिलेल्या माणसाने तो परस्पर मागे घेतला, याचं ते दुखणं होतं. गाऊनशी त्याचा काही संबंध नव्हता. विमलला ते समजलं आणि तिने ते टाळलं नाही, त्यांच्याकडे बघत राहिली.

"चूक झाली माझी. मी तो परत आणते," ती म्हणाली.

सुवार्ता गाऊनचा घेर सावरत तिच्यापाशी आली.  मग म्हणाली, "पण मावशी, मग ती मुलगी काय घालेल?"

"कोण?"

"नडियादची. तिची बॅग हरवलीय ना खरंच? चार तारखेला लग्न म्हणताय."

गेल्या दहा दिवसांत विमलने त्या मुलीचा इतका आधार घेतला होता, आणि तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षाने अलकापुरीला गेली. सुवार्ताने उतरवलेला साधा गाऊन घडी करून तिच्या मांडीवर होता. दुकान नुकतंच उघडलं होतं. लोंब्यांचा गाऊन काचेच्या कपाटात टांगलेला होता, आणि गळ्याच्या आतल्या बाजूला छोटी साटीनची पट्टी लावून झाली होती. 'विमल साळवे, बडोदा.' रेशमी धाग्याने, वळणदार इंग्रजी अक्षरांत. तिने ती अंगठ्याने चाचपली. पट्टी सुंदर झाली होती.

"ताई, हा मी देऊ शकत नाही," ती म्हणाली. "ज्या मुलीचा आहे तिला मी शब्द दिला होता. तो मोडायला नको होता. तुम्हालाही तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हणजे तुमचे दहा दिवस गेले नसते."

अवंतीताईंना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला. "उद्या ती मुलगी फिटिंगला येतेय. तिच्या आईने याचा फोटो पाहिलाय. मी काय दाखवू? हँगर?"

"हा दाखवा." विमलने साधा गाऊन उलगडला. "माप जवळपास तेच आहे. तीन तारखेपर्यंत मी याच्यावर हाताने काम भरून देते. रविवारची उपासना सोडली तर उठणारच नाही. त्याचं मला काही नको. पण ती मुलगी अडणार नाही, हे मी बघते."

"आणि मजल्याचं? पाटीचं?"

विमलने साध्या गाऊनची बाही सारखी केली. "ते तुम्ही ठरवा."

"मी काय ठरवणार?" अवंतीताई थकून म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. धंदा उभा करताना त्यांनीही पुष्कळ सोसलं होतं. "दिलेली वस्तू बाई ऐनवेळी परत मागते, तिच्या नावावर मी मजला उघडू? उद्या आणखी कुणाला शब्द दिलेला असेल. नाही विमलताई. तुमचं मन मोठं असेल, पण ते मला परवडत नाही." त्यांनी स्वतःच कात्री घेतली, पट्टी उसवली आणि गाऊन तिच्या हातात दिला.

शनिवारी नडियादची मुलगी आली तेव्हा विमल मुद्दाम दुकानात थांबली. रीना नाव तिचं, चष्मा लावणारी, सर्दीने नाक लाल झालेली. आईने कपाळाला आठी घातली. "पहिला फोटो वेगळा होता," ती गुजरातीत पुटपुटली. रीनाने गाऊन अंगाला लावून पाहिला. "मम्मी, मला कुठलाही गाऊन चालेल, फक्त तो इथे हातात असू दे," ती म्हणाली आणि एकदम हसली.

पुढचे तीन दिवस विमलच्या घरी मशीन बंद आणि सुया चालू होत्या. रविवारी उपासनेनंतर सुवार्ता आली, आणि सोमवारी कामावरून परस्पर आली. तिचं स्वतःचं लग्न पाच दिवसांवर होतं. "तू कशाला?" विमल म्हणाली. "हातावर मेंदी काढायची सोडून?"

"मोती ओवून देते मी. तेवढं येतं मला."

गंगाबाईही आल्या. त्यांना सुई दिसत नव्हती. त्यांनी चहा केला, डाळ-भात टाकला. पहिल्या दिवशी त्या विमलशी जेवढ्यास तेवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी विमलची मान आखडली तेव्हा त्यांनी न विचारता मागे बसून तिचे खांदे चोळायला घेतले, तेव्हा विमलच्या डोळ्यांतून पाणी आलं. "रडू नको, कापडावर डाग पडंल," गंगाबाई म्हणाल्या.

रीनाच्या गाऊनवर त्यांनी लोंब्या भरल्या नाहीत. त्या सुवार्ताच्या होत्या. गळ्याभोवती, लेसला लागून, जाईच्या कळ्यांची नाजूक वेल काढली. तीन तारखेला दुपारी गाऊन दुकानात पोचला. चारला लग्न झालं. नडियादहून नंतर मिठाईचा डबा आला तो अवंतीताईंकडे. इकडे काही आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

सात तारखेला सुवार्ता आपल्या गाऊनमध्ये चर्चच्या दारातून आत आली तेव्हा गाणाऱ्यांचे सूर क्षणभर चुकले. मांडवात बायका गंगाबाईंना विचारत होत्या, "कुठून आणला?" गंगाबाई म्हणाल्या, "आणला न्हाई. विमलताईनं दिला." सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. विमल तेव्हा वाढायला उठली होती. तिने ते ऐकलं, आणि तिला बरं वाटलं, पण तिला वाटलं होतं तेवढं नाही. तिची भूक नऊ दिवसांपूर्वी, स्टुलावर बसल्या बसल्याच, थोडीफार शमली होती.

पूर्ण मात्र शमली नव्हती. मार्चमध्ये ती जयवंतबरोबर स्कूटरवरून अलकापुरीतून जात होती. अवंतीताईंचा वरचा मजला उघडला होता. अहमदाबादच्या कुण्या शिकलेल्या मुलीच्या नावाची पाटी होती, आणि दर्शनी काचेत रीनाचा मोठा फोटो. गळ्याभोवतीची जाईची वेल रस्त्यावरून स्पष्ट दिसत होती. फोटोखालीही त्या अहमदाबादच्या मुलीचंच नाव.

"थांबा जरा," विमल म्हणाली. जयवंतने स्कूटर कडेला घेतली. ती उतरली, दुकानाच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली. एक पाय पायरीवर ठेवला. आत अवंतीताई कुणाला तरी ओढण्या दाखवत होत्या. दोन मिनिटं ती तशीच उभी राहिली. मग पाय खाली घेतला आणि येऊन मागे बसली.

जयवंतने स्कूटर सुरू केली. दोघे घरी आले.

संध्याकाळी जेवणाआधी घरच्या प्रार्थनेला दोघे बसले. पाळी विमलची होती. तिने डोळे मिटले, आणि नेहमीची वाक्यं सुरू करण्याऐवजी थांबली.

"प्रभू," ती म्हणाली, "ती पाटी मला अजून हवीच आहे. आज तर फारच हवी होती. ही इच्छा माझ्याच्याने जात नाही, म्हणून तुझ्याकडे घेऊन आलेय. उद्या पुन्हा आणीन. मला तिच्यापेक्षा तू जास्त हवा आहेस, एवढं मात्र आज खरं आहे."

 जयवंत म्हणाला, "आमेन." आणि त्याने ताट तिच्याकडे सरकवलं.